वडाळ्याच्या अलीकडे बंद पडणारी गाडी

लिहून द्या, असं या अंकाच्या संपादकांनी मला तीनदा सांगितलं. पहिल्या दोन वेळा मी हसून सोडून दिलं. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा त्यांची गाडी माझ्यापुढे उघडून पडली होती आणि त्यांना घरी जायची घाई होती, तरी ते लेखाचंच बोलत होते. म्हणजे माणूस मनापासून बोलतोय. मी चौथीपर्यंत शिकलो. अक्षर वाकडं आहे, पण हात सरळ आहे. तेव्हा संपादकसाहेब, शुद्धलेखन तुमचं, बाकी माझं.

सोलापुरात जुन्या पुणे नाक्याजवळ माझं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन पत्रे, एक लिंबाचं झाड आणि शेजारी रफीकचं पंक्चरचं खोकं. आयुष्यभर मी एकच काम केलं, कार्बोरेटर. बाकीचे मिस्त्री सगळं करतात, ब्रेक, चेन, वायरिंग. मीही करतो, नाही असं नाही. पण माणसं माझ्याकडे येतात ती कार्बोरेटरसाठी. बार्शीपासून येतात, अक्कलकोटहून येतात. आता नव्या गाड्यांना कार्बोरेटरच नाही. त्यांच्या पोटात कॉम्प्युटर असतो, तोच किती पेट्रोल द्यायचं ते ठरवतो. असू दे. खेड्यापाड्यांत अजून जुन्या गाड्या इतक्या आहेत की माझं उरलेलं आयुष्य त्यांना पुरणार नाही.

ज्यांनी कधी गाडी उघडून बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. कार्बोरेटर म्हणजे मुठीएवढं भांडं. त्यात हवा आणि पेट्रोल मिसळतं आणि इंजिनात जातं. पेट्रोल बारीक भोकातून येतं, त्या भोकाला जेट म्हणतात. जेटमध्ये एक सुई वरखाली होते आणि बाहेरच्या अंगाला एक छोटा पितळी स्क्रू असतो. पेट्रोल जास्त झालं तर गाडी काळा धूर टाकते. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली, तर तिला मी म्हणतो गाडी कोरडी चालली. कोरडी गाडी सुरुवातीला बरी वाटते, हलकी पळते. मग तापते, दम खाते, कार्बोरेटरमधून उलटी शिंकते आणि चढावर मान टाकते. प्लग काढून बघितला तर पांढराफटक. नीट चाललेल्या गाडीचा प्लग बिस्किटाच्या रंगाचा असतो.

आणि हे सगळं मी कानानं करायचो. गाडी चालू करायची, स्क्रू हळूहळू फिरवायचा, आवाज चढत जातो, एका जागी तो गोल होतो. तिथं थांबायचं. पाव फेरासुद्धा पुढे जायचं नाही. ती जागा मला कुणी शिकवली नाही. आवाज कानात आला की हात आपोआप थांबायचा.

या कानाचा मला लई गर्व होता. गर्वानं एकदा तोंडावर पडलो ते आधी सांगतो.

तेव्हा मी भरात होतो. सोलापुरात गिऱ्हाईक गाडी आणतं ते एकच वाक्य बोलत, ‘ॲव्हरेज वाढवून द्या.’ मी वाढवून द्यायचो. कसं? गाडी जरा कोरडी करून. पेट्रोल कमी गेलं की ॲव्हरेज दिसतंच. माझं नावच पडलं होतं ॲव्हरेज मिस्त्री. पूर्व भागातले एक अण्णा होते, यंत्रमागावर टॉवेल विणायचे, घरात तेलुगू बोलायचे आणि माझ्याशी मराठी. ते दर महिन्याला यायचे, ‘मिस्त्री, अजून थोडं.’ मी अजून थोडं करायचो. भर मे महिन्यात अक्कलकोट रोडला त्यांच्या गाडीचा पिस्टन तापून सिलिंडरमध्ये अडकला. टळटळीत उन्हात त्यांनी गाडी ढकलत आणली. मला वाटलं आता शिव्या बसणार. अण्णांनी गाडी स्टँडला लावली, घाम पुसला आणि शांतपणे म्हणाले, “मिस्त्री, ॲव्हरेज एकदम भारी. सकाळपासून एक थेंब लागला न्हाय.”

रफीक हसून हसून खोक्यावरून खाली आला. मी त्या दिवसापासून कुणाची गाडी मुद्दाम कोरडी केली नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तरी चालेल. पण कानाचा गर्व तसाच राहिला.

आता सुमनताईची गोष्ट. ही फार जुनी नाही, अलीकडची आहे.

एका सकाळी दुकानासमोर एक बाई मोटारसायकलवर आली. स्कूटी नव्हे, गिअरची शंभर सीसीची जुनी गाडी. मागे दोन्ही बाजूंना पत्र्याचे डबे, पुढे टाकीवर कापडी पिशवी, अंगावर साडी आणि वरून नवऱ्याचा फुल शर्ट. रफीकनं हातातली ट्यूब खाली ठेवली. मीही बघत राहिलो, खोटं कशाला बोलू.

“मामा, तुमीच का ते कार्बोरेटरवाले?”

“व्हय. बोला.”

“गाडी दम खातीय. मदीच बंद पडती.”

बार्शी रोडवरच्या वडाळा गावाच्या पुढे आतल्या बाजूला त्यांची वाडी. नवरा पुण्याला ड्रायव्हर. ही बाई आणि वाडीतल्या आणखी चार बायका कडक भाकरी आणि शेंगाचटणी करतात. सुमनताई ती गाडीवरून सोलापुरात आणते आणि हॉटेलांत, दुकानांत देते. नऊच्या आत माल पोचला पाहिजे, नाहीतर हॉटेलवाला दुसऱ्याकडून घेतो. एसटी त्या वेळेला नाही, आणि आली तरी एवढे डबे कंडक्टर चढवू देत नाही. गाडी चालवायला नवऱ्यानंच शिकवलं, ज्वारी काढलेल्या रानात.

मी गाडीला कान लावला. टाकीचं झाकण उघडून आत बघितलं, ही माझी पहिल्यापासूनची सवय. पेट्रोल किती आहे, पाणी आहे का, कचरा आहे का, हे आधी बघतो. झाकण पालथं सीटवर ठेवतो, मग गाडीला हात लावतो. गाडी चालू केली. झकास चालली. प्लग काढला तर पांढरा.

“कोरडी चालतीय,” मी म्हणालो.

“म्हंजी?”

“पेट्रोल कमी, हवा जास्त.”

ती जरा विचार करून म्हणाली, “पाणी कमी पडलं की भाकरी चिरती, तसं?”

इतक्या वर्षांत इतक्या लवकर कुणाला कळलं नव्हतं. मला बरं वाटलं. पण लगेच ती पुढे बोलायला लागली, “मामा, काय झालं, वास यायचा, म्हणून मी—”

“वास येणारच की ताई,” मी तिचं बोलणं मधेच तोडलं, “पेट्रोल हाय ते, अत्तर न्हाय.”

रफीक हसला. मी तिला सांगितलं, तुम्ही निवांत चहा घ्या, गाडी काय ते मला सांगेल.

हे वाक्य मी आयुष्यात शेकडो वेळा बोललो असेन.

कार्बोरेटर उघडला, जेट साफ केलं, सुई एक खाच वर घेतली म्हणजे पेट्रोल जरा जास्त जाईल. कानानं स्क्रू लावला. गाडी गेली. चार दिवसांनी परत आली. वडाळ्याच्या अलीकडे बंद पडली म्हणे. मी झाकण उघडलं, आत बघितलं, चालू केली, झकास. प्लग पांढरा. मी जेट बदललं, मोठं घातलं. गाडी गेली. पुढच्या आठवड्यात परत. या वेळी धूर काळा सोडत होती, पेट्रोल ढसाढसा पीत होती, आणि तरीही बंद पडत होती.

“काळा धूर टाकणारी गाडी कोरडी होऊन बंद कशी पडंल?” मी रफीकला विचारलं.

“मेरेकू क्या पूछते? मैं हवा भरनेवाला आदमी,” रफीक म्हणाला.

सुमनताई त्या दिवशी उभीच राहिली, बसली नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं, पण आवाज कोरडा होता. “मामा, एक सांगू का? दिरानं गाडीला गिऱ्हाईक बगून ठेवलंय. गुरुवारी येनार हाय घ्यायला. ते म्हनत्यात, वहिनी, रोज रस्त्यात उबी ऱ्हाती, लोक काय म्हनत्याल. मालक पन पुन्याहून फोनवर म्हनले, गुरुवारपतुर नीट झाली तर ठीवू, न्हायतर दे. गाडी गेली की माज्या एकटीचं न्हाय, पाच चुलींचं काम जातंय.”

तो मंगळवार होता.

मी म्हातारा माणूस, हट्टी. माझ्या हातून गाडी दोनदा परत आली, हे आजवर झालेलं नाही. मी म्हणालो, “चला.”

“कुटं?”

“तुमच्या वाडीला. मी मागं बसतो. माझ्यासमोर बंद पडू दे तिला.”

टाकीचं झाकण उघडून आत बघितलं, सवयीनं. अर्ध्याच्या खाली होतं. कोपऱ्यावरच्या पंपावर तिनं टाकी फुल करून घेतली. मग मी मागच्या डब्यांच्या मधे कसाबसा बसलो, पाय डब्यांवरून बाहेर. रफीक ओरडला, “क्या मिस्त्री, बुढापे में पीछू बैठको किदर जारे?” आख्ख्या नाक्यानं ऐकलं. मी म्हणालो, “सासुरवाडीला!”

सुमनताई गाडी चांगली चालवते. खड्डा लांबून बघते, ब्रेक उगाच मारत नाही. शहर मागे पडलं, दोन्हीकडे मोकळं रान लागलं. मी तिच्या पाठीमागून इंजिनाला कान लावून बसलो होतो. वाऱ्यात काही कळत नव्हतं, पण ते मी तिला कशाला सांगू?

अजून वडाळा लई लांब होतं. गाडीनं एक गचका दिला. मग दुसरा. कार्बोरेटर शिंकला, गाडीतला जीव गेला आणि आम्ही एका बाभळीखाली उभे राहिलो.

“आज लवकर पडली,” ती म्हणाली. “टाकी भरली की अशीच करती. पेट्रोल कमी असलं की लांब जाती.”

“असं कसं असंल? जास्त पेट्रोल असताना आधी बंद?”

“मला काय म्हाईत? तुमाला म्हनून सांगितलं. सकाळी येताना पन बंद पडती, पन ती शेर जवळ आल्यावर. जाताना वडाळ्याच्या अलीकडं.”

मी रस्त्याच्या कडेला बसलो. म्हणजे जागा वेगवेगळी, पण तोडलेलं अंतर सारखंच. आणि टाकी भरलेली असली की अंतर कमी. ही गोष्ट तिला पहिल्या दिवसापासून माहीत होती. मी विचारलंच नव्हतं.

“मग बंद पडल्यावर तुमी काय करता?”

“काय करनार? पेट्रोल हाय का बगती. झाकण उगडती, लावती, जरा उबी ऱ्हाती, की गाडी चालू.”

“आता तसंच करा. मी हात लावत न्हाय.”

तिनं किल्ली घातली, झाकण फिरवून वर उचललं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “हा बगा, हा आवाज बी रोज येतोय.”

“कसला आवाज?”

“सुस्स करून. आता आला की! लई मोठा आला.”

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

“मामा, तुमाला न्हाय ऐकू आला?”

आला नव्हता. मी दोन हातांवर होतो. बाभळीवर होला बोलत होता तो ऐकू येत होता, लांबून ट्रॅक्टर येत होता तो ऐकू येत होता. पण तो बारीक सुस्स मला आला नव्हता. घरात बायको दोन-तीन वर्षांपासून म्हणत होती, तुम्हाला कुकरची शिट्टी कळते पण त्याआधीची वाफ कळत नाही. मी तिच्यावरच खेकसायचो. त्या रस्त्यावर मला पहिल्यांदा कळलं की ज्या कानावर मी आयुष्य काढलं, त्याचा बारका आवाज कधीच निघून गेलाय. दोन्ही वेळा मी स्क्रू लावला तो आवाज ऐकून नाही, आवाज आठवून लावला.

तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, “ते झाकण द्या हिकडं.”

आता वाचणाऱ्याला सांगतो. टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. खालून पेट्रोल जातं तशी वरून तेवढी हवा आत आली पाहिजे, नाहीतर टाकी आतून ओढून धरते आणि पेट्रोल खाली सोडत नाही. टाकी भरलेली असली की वर हवेला जागाच थोडी, मग ती ओढ लवकर धरते. झाकण उघडलं की सुस्स करून हवा आत जाते आणि गाडी परत पळते. मी दर वेळी सगळ्यांत आधी झाकण उघडायचो. म्हणजे दर वेळी माझ्याच हातानं मी रोग बरा करायचो आणि मग रोग शोधायचो.

झाकण उलटं करून बघितलं. आत काळं रबर. तसं रबर असतंच, पण ते कड्यासारखं असतं, मधे मोकळं. हे आख्खं होतं. ट्यूबचा गोल तुकडा, कात्रीनं इतका बरोबर कापलेला की कंपनीचाच वाटावा. पेट्रोलनं फुगून तो भोकावर गच्च बसला होता.

“हे कुणी घातलं?”

“मी,” ती म्हणाली. “टाकीवरच्या पिशवीतल्या भाकरीला पेट्रोलचा वास यायचा. एका हॉटेलवाल्यानं माल माघारी दिला. म्हनून कापून बसवलं. वास बंद झाला की.” मग जरा थांबून म्हणाली, “पयल्या दिवशी तेच सांगत हुते तुमाला.”

वास यायचा, म्हणून मी. तिचं ते अर्धं वाक्य मला तिथंच आठवलं. आणि माझं अत्तरही.

मी आयुष्यात गिऱ्हाइकाची माफी मागितलेली नाही. अण्णांचीही नाही, त्यांना नुसता पिस्टन बसवून दिला. त्या बाभळीखाली मी म्हणालो, “ताई, चुकलं माझं. तुमचं ऐकून घेतलं असतं तर दोन हेलपाटे वाचले असते.”

“असू द्या मामा. आता चालंल ना?”

“चालंल. पण मी एक घाण करून ठेवलीय ती काढावी लागंल.”

रबर काढून खिशात टाकलं. गाडी न थांबता वडाळ्याला आली, वडाळ्याच्या पुढे गेली. वडाळा मागे पडलं तेव्हा सुमनताईनं एकदा मान वळवून माझ्याकडे बघितलं. मग पुढे बघून गाडी चालवायला लागली.

वाडीत तिचे दीर ओट्यावर बसले होते. मी मागच्या सीटवरून उतरलो तशी त्यांनी आधी मला बघितलं, मग गाडीला.

“कोण हो पावनं?”

“कार्बोरेटरवाले,” सुमनताई म्हणाली. “भावजी, वाटंत एकदा बंद पाडली, ती मुद्दाम. आता न्हाय पडायची.”

“गुरुवारी मानूस यायचा हाय, वहिनी.”

“येऊ द्या की,” मी म्हणालो. “आल्यावर त्याला म्हणावं, टाकी फुल कर आणि बार्शीला जाऊन माघारी ये. कुठं बंद पडली तर माझ्या पदरचे पैसे घालून आणखी एक गाडी घेऊन देतो.” पदर मला नाही, धोतरही नाही, पण बोलताना बोललो.

हत्यारांची पिशवी मी आणली होती. मोठं जेट काढून पहिलं घातलं, सुई परत जागेवर नेली. राहिला स्क्रू. गाडी अंगणात चालू केली, स्क्रू ड्रायव्हर लावला आणि थांबलो. आता आठवून लावायची माझी हिंमत नव्हती.

“ताई, हिकडं बसा. कान द्या.”

ती पदर खोचून शेजारी बसली. चारही बायका चुलीवरून उठून आल्या, हात पिठाचे तसेच.

“मी फिरवतो. आवाज वर चढंल. चढत चढत एका जागी गोल होईल, खरखर जाईल. तितं मला थांबवायचं.”

“गोल म्हंजी कसा?”

“भाकरी फुगली की तुमाला कशी कळती?”

“कळती.”

“तसंच.”

मी स्क्रू फिरवायला लागलो. दीरही ओट्यावरून उतरून जवळ आले होते. पाव फेरा. अर्धा.

“अजून थोडं,” ती म्हणाली. डोळे मिटले होते. “अजून. जरासं. आता माघारी या. हं. बास!”

मी हात काढून घेतला. हँडलवर तळवा ठेवून बघितलं. कान गेला तरी तळव्याला कळतं. गाडीची थरथर अशी होती की तळव्यात मावेल.

गुरुवारी गिऱ्हाईक आलं आणि मोकळ्या हातानं परत गेलं. दिरांनी स्वतः त्याला चहा पाजून वाटेला लावलं, असं मला पुढे कळलं. टाकीवरची पिशवी मागे घेण्यासाठी मी एका वेल्डरकडून जरा लांब कॅरिअर करून घेतलं. भाकरीला वास नाही, गाडीला श्वास आहे. दोन आठवड्यांनी प्लग काढून बघितला. मी इतकी वर्षं बिस्किटाचा रंग म्हणत आलो, पण तो रंग बरोबर कडक भाकरीचा आहे. हे सोलापुरात राहून मला सुचलं नव्हतं.

दुकानात आता एक लोखंडी स्टूल आहे. गाडी आली की गिऱ्हाइकाला आधी त्यावर बसवतो. कुठं बंद पडते, किती लांब गेल्यावर, त्याआधी तुम्ही काय केलं, कुणी काय घातलं, सगळं विचारतो. काही जण कंटाळतात. मग झाकणाला हात लावतो, आधी नाही.

कानाचं यंत्र घ्या म्हणून मुलगा मागे लागलाय. घेईन बहुतेक. पण स्क्रू लावायचं काम त्या यंत्रावर सोडणार नाही. सुमनताई मंगळवारी शहरात माल टाकून झाला की दुकानात येते, अर्धा तास बसते. जेट बदलून, सुया बसवून मी तयार ठेवलेल्या गाड्यांचे स्क्रू त्या दिवशी लागतात. मी फिरवतो, ती बास म्हणते. रफीकला वाटतं आमचं काहीतरी भजन चाललंय.

परवाच बार्शीचा एक शिक्षक घाईनं गाडी घेऊन आला. सगळं काम मी करून दिलं, फक्त स्क्रू ठेवला.

“मिस्त्री, एवढंच राहिलंय तर आत्ताच करून टाका की.”

“न्हाय. मंगळवारी या.”

“का? मंगळवारी काय आहे?”

“मंगळवारी,” मी म्हणालो, “माझा कान येतो.”